मुंग्या गेल्या, मी आले

रोह्यात त्या काळी लहान असलेला कुणीही आज भेटला आणि मी घसा बसल्यासारखा आवाज काढून नुसतं "कोन हाय रं तिकडं?" म्हटलं, की तो माणूस हसायला लागतो. मग तो बँकेत साहेब असो नाहीतर दोन पोरांचा बाप. तो आवाज म्हादू उंदराचा. आणि म्हादू उंदीर म्हणजे आमची सुमनताई.

मी तेव्हा लग्नाची व्हिडिओ शूटिंग करायचो. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. रोह्यात विलासने नुकतं केबल घातलं होतं. बाजारपेठेत चपलांच्या दुकानावर त्याची एक खोली होती, पत्र्यावर डिश, आत दोन व्हीसीआर, वायरींचं जंगल आणि एक पंखा, जो माणसांसाठी नव्हता, मशीनसाठी होता. बाहेरच्या चॅनलांबरोबर विलास एक आपला स्वतःचा चॅनलही चालवायचा. सकाळी भजनं, दुपारी सिनेमा, मध्येमध्ये साडीच्या दुकानाची जाहिरात, आणि काहीच नसलं तर कुणाच्या तरी लग्नाची कॅसेट. लोक तीही आवडीने बघायचे. आपण पंगतीत कसे दिसलो हे बघायला अख्खी आळी बसायची.

एका रविवारी मी कॅसेटची कॉपी करायला तिथे गेलो होतो. कॅमेरा खांद्याला होता. पोरांचा सिनेमा लागायचा होता आणि नेमकी व्हीसीआरने टेप गिळली. विलास मशीनच्या पोटात हात घालून घामाघूम झालेला, आणि जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. पदर कमरेला खोचलेली, उंच, काळीसावळी बाई दारात उभी.

"केबलवाले कोन तुमच्यात?"

विलासने मान न वळवताच हात वर केला.

"भाऊ, मी पार वरसे गावातनं चालत आलेय. माझ्या घरी आळीतली झाडून सगळी पोरं बसलीत. टीव्हीवर नुसत्या मुंग्या. मी काय सांगू त्यांना, मुंग्या मोजा?"

विलास आधीच वैतागला होता. म्हणाला, "वहिनी, टेप गुंडाळलीय. एवढं असंल तर तुमीच बसा हितं आन सांगा पोरांना गोष्ट."

"बसते की," ती म्हणाली. "कुठं बसू?"

तो गंमत करत होता. ती करत नव्हती. स्टूल ओढून ती कॅलेंडरखाली बसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हा कॅमेरा चालतो का नुसता मिरवायला हाय?" मी विलासकडे बघितलं, विलासने माझ्याकडे. मग त्याने वायर शोधली, कॅमेरा थेट मशीनला जोडला, आणि बोट वर केलं.

ती उठली. सरळ कॅमेऱ्यापाशी आली, नाक काचेला टेकायचं तेवढं बाकी राहिलं, आणि ओरडली, "मुंग्या गेल्या, मी आले!"

आणि मग त्या टीव्हीतल्या मुंग्या कुठे गेल्या, याचीच गोष्ट तिने सुरू केली. त्या डब्याच्या मागच्या जाळीतून बाहेर पडल्या, वायरीवरून चालत चालत कुंडलिका नदीच्या पुलापर्यंत गेल्या, तिथे त्यांचं भांडण झालं, एक मुंगी रुसली. हातवारे, आवाज, मध्येच उठून चालून दाखवणं. मला तिच्यामागे कॅमेरा फिरवता फिरवता नाकीनऊ आले. खाली दुकानात चपला घ्यायला आलेली माणसं वरच्या जिन्यावर येऊन बसली. गोष्ट संपली तेव्हा विलासचा फोन वाजत होता. एक ठेवला की दुसरा. सगळ्यांचा प्रश्न एकच, "त्या बाई परत कधी?"

विलासने फोनवर हात ठेवून तिला विचारलं, "वहिनी, परत कधी?"

"पुढच्या रविवारी," असं म्हणून ती गेलीसुद्धा. घरी पोरं होती ना.

कार्यक्रमाला नाव द्यावं लागलं नाही. पोरांनीच ते 'मुंग्या गेल्या' करून टाकलं.

सुमनताईचं माहेर पेणजवळच्या जोह्याचं. तिथे घरातच गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. नवरा अनंतदादा धाटावला कंपनीत, शिफ्टवर. म्हादूचा जन्म या दोन गोष्टींमधून झाला. गणपतीच्या पायाशी बसतो त्या उंदराचा मोठा साचा भावाच्या कारखान्यात होता. तिने त्यात कागदाचा लगदा दाबून डोकं काढलं, खाली फडक्याचा झगा शिवला आणि हात घालायला जागा ठेवली. एसटीतून आणताना एक कान मोडला, तो तिने तसाच राहू दिला. डोळे मात्र हट्टाने रंगवून घेतले, एक थोडा मोठा आणि एक बारीक. "म्हणजे तो सगळीकडं बघतो असं वाटतं," ती म्हणायची. आणि आवाज? अनंतदादा तिसरी पाळी करून दिवसा झोपलेला असायचा. दोन खोल्यांचं घर. तो जागा होऊ नये म्हणून ती स्वयंपाकघरात दबक्या, घोगऱ्या आवाजात तालीम करायची. तोच म्हादूचा आवाज झाला. अनंतदादाला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "म्हंजे मी झोपलो म्हणून तो बोलायला शिकला." त्याचा तो अभिमान कायम राहिला.

म्हादू खादाड, खोटारडा आणि भित्रा. माहेरच्या खाडीकडची बोली बोलायचा. ताई त्याला समजावायची आणि तो तिलाच फसवायचा. 'बालमित्रांनो' हा शब्द तिला बिलकुल चालायचा नाही. पावडर लावा असं विलास सांगून थकला. ती म्हणायची, "पोरं मला बाजारात ओळखायला नकोत का?" आणि तिचं एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते माझंच असल्यासारखं वाटतं. "पोरं उंचीनं कमी असतात दिनेश, अकलेनं नाय."

पण रोहा वेडं झालं ते एका वेगळ्याच गोष्टीने. ताईला पोरं दिसायची.

गोष्टीच्या मधेच म्हादू थांबायचा, मोठा डोळा पुढे करायचा आणि म्हणायचा, "नदीपल्याडचे, अष्टमीचे बंट्या, टीव्हीला चिकटून बसू नको, मागं सर." आणि बंट्या खरोखर टीव्हीला चिकटलेला असायचा! "वरशाची सोनल, दूध पी, मना दिसतंय." सोनल ग्लास एका दमात संपवायची. खरं म्हणजे ताई आठवडाभर बाजारात, नळावर, देवळाच्या पायरीवर आयांशी बोलायची. कोण कसा बसतो, कुणाचा दात पडलाय, कोण वरणभात खाताना रडतं, सगळं तिच्या डोक्यात. पण पोरांना ते काय माहीत? रविवारी साडेदहा वाजता रोह्यात पोरं आंघोळ करून, केस विंचरून, धड कपडे घालून टीव्हीसमोर बसायला लागली. म्हादूला दिसतं ना! एक शेजारीण सांगायची, तिचा मुलगा टीव्हीचं बटण दाबायच्या आधी चड्डी घालायचा, एरवी दिवसभर त्याला कुणी घालू शकत नसे.

एकदा ऐन गोष्टीत लाइट गेली. उंदीर विहिरीच्या काठावर लटकलेला. आम्ही अंधारात कपाळाला हात लावून बसलो, आणि पाचेक मिनिटांत खालून गलका आला. पोरं पळत आली होती. चपलांच्या दुकानापासून जिन्यावर, जिन्यावरून खोलीत, पोरंच पोरं. "ताई, तो पडला का?" तिने खिडकीत बसून उरलेली गोष्ट पूर्ण केली. रस्त्यावर माणसं थांबली होती. विलास माझ्या कानात म्हणाला, "आयला, हिला वायर पण लागत नाय."

मग पेणच्या केबलवाल्याला खबर लागली. त्यालाही कार्यक्रम हवा झाला. आम्ही रोह्यात रेकॉर्डिंग करायचो आणि कॅसेट एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचो. एका शनिवारी ती कॅसेट चुकून अलिबागच्या गाडीत पडली, वडखळच्या फाट्यावर उतरून पेणला जायची ती उतरलीच नाही आणि थेट अलिबागला गेली. रविवारी सकाळी पेणहून फोन, "दारात पोरं जमलीत, काय करू?"

ताईने म्हादूला पिशवीत घातलं. "चल दिनेश, कॅमेरा घे. आपणच जाऊ."

आम्ही पेणला पोचलो तेव्हा उशीर झाला होता आणि दारातली पोरं वाढली होती. वायर जोडतोय तोच एक हवालदार आत आला. त्याच्या हाताला धरून एक चार-पाच वर्षांची मुलगी. फ्रॉकला मीठ वाळून पांढरे डाग पडलेले, एका हातात करकचून धरलेली प्लॅस्टिकची बांगडी. बाजारात एकटी सापडली होती. नाव सांगेना, गाव सांगेना, रडेनासुद्धा. हवालदार दमला होता. "हिला टीव्हीवर दाखवा," तो म्हणाला. "कुनी वळखलं तर बरं."

"दाखवू," ताई म्हणाली. "पण कुनी काय विचारू नका तिला."

तिने मुलीला आपल्या शेजारी टेबलामागे बसवलं. मी कॅमेरा सुरू केला. ताईने मुलीकडे बघितलंसुद्धा नाही. टेबलाच्या कडेवर म्हादू हळूच वर आला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. आणि रडायला लागला.

"माजा बीळ हरवला! मना माजा बीळ गावत नाय!"

मी काचेतून बघत होतो. मुलगी त्याच्याकडे बघत होती. म्हादू आणखी जोरात रडला. मग तिने बांगडी मांडीत ठेवली आणि एका बोटाने त्याच्या मोडक्या कानाला हात लावला.

"रडू नको," ती म्हणाली.

म्हादूने हुंदका आवरला. "तुजी आयस कंय हाय गो?"

"हितंच व्हती. बांगड्या घेव्वाला आलेलो."

"घर कंय हाय तुजा?"

"मिठावर." म्हणजे मिठागरावर.

"मग रडू नको सांगतेस, आन तुना भ्या नाय वाटत?"

मुलीने विचार केला. "वाटतं," ती म्हणाली, आणि तेव्हा तिचा ओठ पहिल्यांदा थरथरला. म्हादू तिच्या खांद्यावर डोकं टेकून बसला. "मना पन," तो म्हणाला.

त्याच वेळी एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात काय झालं, ते हॉटेलवाल्याने नंतर आम्हाला सांगितलं, आणि पुढे कित्येक वर्षं तो ते गिऱ्हाइकांना सांगत राहिला. एक बाई मघापासून स्टँडवर वेड्यासारखी फिरत होती, सुटणाऱ्या प्रत्येक गाडीत डोकावत होती, आपली लहान पोर कुणी बघितली का म्हणून विचारत होती. हॉटेलात टीव्ही चालू. भजी तळणारी म्हातारी एकदम ओरडली, "अगो ए बाय! तुजी पोर टीव्हीत हाय!" बाई धावत आत आली. पडद्यासमोर उभी राहिली आणि दोन्ही हातांनी टीव्ही धरला. हॉटेलवाला तिला सांगतोय, "बाय, केबलच्या हापिसात हाय ती, हितनं जवळ, चल दाखवतो." पण ती टीव्ही सोडायला तयार नाही. "मी गेले आन ती परत गेली तर?" ती म्हणत होती. "हितं दिसतेय ती. मी नाय सोडायची."

शेवटी हॉटेलवाल्याने फोन केला. केबलवाल्याने कागदावर दोन ओळी लिहून ताईसमोर धरल्या. ताईने त्या वाचल्या, आणि म्हादू थेट कॅमेऱ्यात वळला.

"आयस गो, मना दिसतेस तू. मी धरून हाय हिला. ये तू. नाय सोडत."

आणि त्या माउलीने टीव्ही सोडला. हॉटेलवाला पुढे, ती मागे, आणि तिच्यामागे हॉटेलातली झाडून सगळी गिऱ्हाइकं. जिन्यावर पोरं बाजूला झाली. ती आत आली, मुलीच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिला अशी कवटाळली की मला दोघींपैकी कुणाचाच चेहरा कॅमेऱ्यात मिळेना. मला मिळवायचाही नव्हता. डोळे पुसायला माझ्याकडे हात मोकळा नव्हता.

ताई टेबलाखाली बसून म्हादूच्या झग्याने नाक पुसत होती. मग वर येऊन ओरडली, "बीळ गावला रे!" रस्त्यापर्यंत टाळ्या.

ही हकिगत पेणच्या गणपतीच्या कारखान्यांतून फिरत फिरत मुंबईच्या एका चॅनलच्या साहेबाच्या कानावर गेली. तो मूर्ती बघायला आला होता. माणूस भला होता. त्याने ताईला मुंबईला बोलावलं. मी बरोबर गेलो. थंडगार स्टुडिओ, सूर्यासारखे दिवे. साहेबाचं म्हणणं असं की समोर एक गोड दिसणारी मुलगी बोलेल, ताई टेबलाखालून उंदीर चालवील, गोष्टीही ताईच लिहील. ताई लगेच कबूल झाली. "पोरांना उंदीर दिसला म्हंजे झालं." मग साहेब जरा अवघडून म्हणाला, "आणि उंदीर थोडा शुद्ध बोलला तर?"

"साहेब, तो शाळेत गेलेला नाय," ताई म्हणाली. "शुद्ध कसा बोलंल?"

साहेब इतका हसला की विषय तिथेच संपला.

काय दिवस होते ते! पहिला भाग लागला तेव्हा रोह्यात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. म्हादूने पडद्यावर पहिलं "कोन हाय रं तिकडं?" म्हटलं आणि सगळ्या आळ्यांतून एकदम आरडाओरडा उठला. विलासने पेढे वाटले. अनंतदादाने शिफ्ट बदलून घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हादूला जागेपणी ऐकलं. रोह्यातला रविवार तेवढा बंद ठेवून ताई एसटीने मुंबईला जायची, यायची, गोष्टी लिहायची, चेहरा उजळलेला.

मग एक दिवस बाजारात ती मला रिकाम्या पिशवीनेच परत फिरताना भेटली. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "वरशातली पिंकी भेटली आत्ता. तिला नवं दप्तर घेतलंय. गेल्या कार्यक्रमात पोरीनं ते शेवटपर्यंत टीव्हीसमोर धरून ठेवलं. हात दुखले तरी. म्हादू काय बोलला नाय. ती मला विचारते, ताई, म्हादूचे डोळे बिघडले का?"

पुढच्या रेकॉर्डिंगला तिने साहेबाला विचारलं, पोरांची नावं घेतली तर? साहेबाने समजावलं, हे सगळ्या महाराष्ट्रात दिसतं, कोण पिंकी हे नाशिकच्या मुलांना काय कळणार? त्याचंही बरोबरच होतं. पण कॅमेरा सुरू असताना, गोष्टीच्या ऐन मध्ये, म्हादू थांबला, मोठा डोळा पुढे केला आणि म्हणाला, "वरशाचे पिंकी, दप्तर झकास हाय गो! निला रंग मना लय आवडतं." ती गोड मुलगी गडबडली. साहेब काचेमागच्या खोलीत उठून उभा राहिला. पण त्याने ते कापलं नाही. तो भला माणूस होता हे मी उगाच म्हणत नाही.

तो भाग लागला त्या दिवशी पिंकी दप्तर डोक्यावर घेऊन वरशाच्या रस्त्यावरून नुसती धावत सुटली होती. मागे तिची आई, मागे सगळी पोरं. मी स्वतः बघितलंय.

ताईने ठरलेले भाग पूर्ण केले आणि पुढचे घेतले नाहीत. साहेबाने पुष्कळ गळ घातली. मला वाटलं, तिला काही लागलं असेल, अपमान झाला असेल. तसं काहीच नव्हतं. "छान होतं रे सगळं," ती म्हणाली. "पण त्या टेबलाखालनं मला कुनीच दिसत नव्हतं. एका पिंकीला बघितलं. बाकीच्यांचं काय?"

ती परत आली तोवर रोह्यातही बरंच बदललं होतं. विलासचं केबल एका मोठ्या जाळ्याला जोडलं गेलं होतं आणि त्याच्या आपल्या चॅनलच्या जागेवर हिंदी कार्टून लागत होतं. हे तिला कसं सांगायचं म्हणून विलास नुसता चहा मागवत राहिला. ताईने दोन कप चहा प्यायला आणि स्वतःच म्हणाली, "विलासभाऊ, तोंड पाडू नका. तुमची वायर जात नाय तिथं पन पोरं हायत की."

तिने सुताराकडून टीव्हीच्या आकाराची मोठी चौकट करून घेतली, बटणं रंगवलेली, वर वाकड्या तारेची अँटेना. बाकीच्या सामानासाठी पत्र्याची एक पेटी घेतली. आणि खाडीकाठच्या वाड्या, मिठागरांजवळच्या शाळा, अंगणवाड्या, आतली भाताची गावं, जिथे एसटी जाईल तिथे ती जायला लागली. चौकटीत बसायची आणि समोरच्या प्रत्येक पोराला नावाने हाक मारायची.

मी नंतर पनवेलला स्टुडिओ टाकला. एकदा पेण स्टँडवर गाडी बदलायला उतरलो. माझी गाडी सुटायच्या बेतात होती, मी चढलो, आणि खिडकीतून बघतो तो शेजारच्या गाडीत ताई. चौकट दोन सीटांच्या मध्ये अडकवलेली. कंडक्टर म्हणत होता, "ताई, ह्या खोक्याचं लगेज लागंल."

ताईने मुकाट्याने पैसे काढले. तेवढ्यात पिशवीतून म्हादू वर आला.

"आन माजा? मना हाफ का फुल?"

कंडक्टरने चेहरा सरळ ठेवायचा प्रयत्न केला. "वय काय तुझं?"

"उंदराला वय नसतं, शेपूट असतं. मोज आन सांग."

"शेपटावर फुल बसतंय."

"फुल? आरं, मी मांडीवर बसनार! इचार सगल्यांना!"

गाडीतली सगळी डोकी तिकडे वळली होती. मागच्या सीटवरच्या कोळणी टोपल्यांवर हात आपटत होत्या. एक शाळकरी पोरगी सीटवर उभी राहून म्हादूची बाजू मांडत होती. मी खिडकीतून "ताई, ताई!" म्हणून दोनदा ओरडलो, पण त्या गलक्यात तिला काय ऐकू जाणार? माझी गाडी हलली. स्टँडबाहेर वळताना मी मान मोडेपर्यंत मागे बघितलं. म्हादू अजून भांडत होता, कंडक्टरने हात टेकले होते, आणि ड्रायव्हर स्टेअरिंगकडे पाठ करून बसला होता. त्यांची वेळ होऊन गेली होती, तरी ती गाडी काही जागची हलत नव्हती.